उडणाऱ्या पात्याचा चाकू

आमच्या हिच्या थोरल्या मामांइतका कायद्याला मानणारा माणूस साऱ्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गुन्ह्याचा मुद्देमाल स्वतःच्या हाताने तयार करून ठाण्यात नेऊन देणाराही दुसरा सापडायचा नाही. सानगडीच्या बाजारात त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. धानावर फवारणी करायचे पंप, शिलाई मशिनी, कुलपं, छत्र्या, स्प्रिंग असलेली कोणतीही वस्तू तिथे चालती होते. माणूस मात्र तिथे फार वेळ टिकत नाही, कारण मामा कायम संतापलेले असतात. हल्लीच्या स्प्रिंगांवर, त्या बनवणाऱ्यांवर, विकणाऱ्यांवर आणि त्या विकत घेणाऱ्या तुमच्याआमच्यावर. मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा सगळे मला पगार विचारत होते आणि हे माझी छत्री उलटीपालटी करून बघत होते. चहा येईपर्यंत त्यांनी ती खोलून पुन्हा जोडलीही. परतीच्या प्रवासात मी नुसता खटका दाबला आणि छत्री एवढ्या जोरात उघडली की एसटीच्या कंडक्टरची टोपी पडली. वस्तू लंगडी असताना दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा नियम. त्यासाठी त्यांनी गिऱ्हाइकांशी भांडणं केली आहेत. एकाला घाईने बॅटरी परत हवी होती, तर हे तिच्यावर हात ठेवून बसले आणि त्याला दुपारभर बसवून ठेवलं.

अशा दुकानात एके दिवशी गावातल्या राइस मिलचे मालक चाकू घेऊन आले. ऑनलाइन मागवलेला, कुरिअरने घरपोच आलेला. बटण दाबलं की पातं मुठीतून सुटून समोर उडतं म्हणे. दोनदा उडालं आणि स्प्रिंग बसली. मामा म्हणजे आधीच तापलेला तवा. त्यांनी मालकांना विचारलं, पातं उडाल्यावर हातात काय राहतं? मालक म्हणाले, मूठ. पुढचं सगळ्या बाजाराने ऐकलं.

"पातं हातात नाही राहत, तो चाकू कायचा जी? यानं ना भाजी चिरते, ना दोर कापते. फेकून माराचंच होतं तं गोटा का वाईट होता?"

मालकांनी चाकू ठेवून काढता पाय घेतला. मामांनी मला भंडाऱ्याला फोन केला. मी सरकारी कचेरीत साधा लिपिक, पण मामांच्या लेखी सरकार म्हणजे मीच. तासभर मला झापलं. म्हणाले, मी विळ्याला धार लावून पिशवीतून नेतो तर एसटीत मला चार प्रश्न विचारतात, आणि हे माणूस मारायचं यंत्र खोक्यात बसून सानगडीपर्यंत येतं, त्याला कोणी हटकत नाही? मलाही राग आला. खरंच आला. रविवारी मी गेलो आणि आम्ही दोघे ठाण्यात हजर झालो.

साहेबांनी तक्रार नीट ऐकून घेतली. हवालदारांनी चाकू हातात घेतला, म्हणाले बिघडलेलाच दिसतो, आणि बटण दाबलं. पातं सुटलं ते थेट लाकडी कपाटाच्या दारात रुतलं. साहेब खुर्चीतून उठले.

"हा तर चालू आहे. कोणी केला?"

"मीच," मामा म्हणाले, आणि वर दुखावल्या आवाजात विचारलं, "सरकारपुढं बिघडलेली वस्तू आणाची का मंग?"

मी डोळे मिटून घेतले. साहेबांनी समजावलं की विळा, कोयता ही शेतीची अवजारं, त्यांची गोष्ट निराळी. हे मात्र हत्यार. ते बाळगणं गुन्हा, आणि परवान्याशिवाय दुरुस्त करणं हाही गुन्हाच. मोडका आणला असता तर मामा नुसते तक्रारदार होते. आता सत्तरीच्या माणसाचं नाव मिलमालकाच्या नावाखाली आरोपी म्हणून लागायची वेळ आली होती. दुकान जाईल, कोर्टाच्या खेपा सुरू होतील, आणि ज्याने आयुष्यात कुणाची टाचणीही ठेवून घेतली नाही तो पिंजऱ्यात उभा राहील. मी साहेबांशी बोललो, हात जोडले, आवाजही चढवला. विकणारा कुठल्या शहरात बसलाय ते कोणाला ठाऊक नाही, आणि सापडला कोण, तर प्रामाणिकपणे काम करणारा.

तीन तासांनी साहेबांनी मामांना साक्षीदार केलं, कारण ते आपल्या पायांनी आले होते. अट एकच. अशा वस्तूला पुन्हा हात लावायचा नाही आणि या दुरुस्तीची बाजारात बढाई मारायची नाही. पंचनाम्यात 'चाकू चालू स्थितीत' असं लिहिलं होतं. मामांनी ती ओळ दोनदा वाचली आणि सही केली.

गेल्या महिन्यात सानगडीला गेलो तर दुकानात शांतता. मामा कोणावर ओरडत नव्हते. ही शांतता मला बघवेना. मी नव्या कुलपांची निंदा करून पाहिली, त्यांनी नुसती मान हलवली. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी बाहेर डोकावून कोणी नाही याची खात्री केली आणि माझ्याजवळ सरकले.

"जवाईबापू, खरं सांगजा. पातं सुटलं तवा कसं गेलं?"

"एकदम सरळ, मामाजी. जरासुद्धा डुगडुगलं नाही."

"मले पाहताच नाही आलं," ते म्हणाले. "मी सायबाच्या तोंडाकडं पाहून राहिलो होतो."

असल्या चाकूंवर माझा आजही संताप आहे. ते बंदच व्हायला हवेत. पण त्या दिवशी मी मामांना त्या पात्याबद्दल पुन्हा एकदा, सावकाश, सगळं सांगितलं.