बॅटरी दुरुस्तीला गेली आहे

जंगलातल्या, तार न पोचलेल्या वस्त्यांचा उजेड स्वस्त करायचं काम रायपूरला आमच्या ऑफिसात चालतं, आणि ते एसीशिवाय होत नाही. साहेब पुण्याहून आलेले. मी गुढियारीत वाढलेली. आजोबा रेल्वेत लागले म्हणून आम्ही इकडचे झालो. ऑफिसात मराठी बोलणारे दोघंच, त्यामुळे साहेबांचे सगळे थोर विचार आधी माझ्या डोक्यावर पडतात.

अशाच एका वस्तीतल्या, इकडच्या भाषेत पाऱ्यातल्या, मितानीनबाईनं, म्हणजे तिथल्या आरोग्यसेविकेनं, एकच मागणं केलं होतं. बाळंतपणाच्या खोलीत पहाटेपर्यंत टिकेल असा दिवा हवा. आधीचं एक बाळंतपण तिनं मोबाइलच्या उजेडात केलं होतं. मोबाइल मध्येच बंद पडला. आई वाचली, बाळ गेलं.

साहेबांनी मन लावून खर्च कापला. सोलर पॅनल कापता येईना, कारण फोटोत तेच दिसतं. खांबालाही हात लावता येईना, पाटी त्यावरच लागते. उरली बॅटरी. ती बिचारी पेटीत बसते, कोणाला दिसत नाही. ती एवढी लहान केली की जेवणं आटोपेपर्यंत दिवा मान टाकणार. परवडणारी ऊर्जा दिल्याबद्दल साहेबांना शाल मिळाली.

उद्घाटन भर दुपारी झालं. दिवा लागला की नाही हे कळायला जवळ जावं लागत होतं, पण टाळ्या लांबूनच पडल्या. दीदी, खुश ना, असं साहेबांनी विचारलं.

"हव साहेब," बाई म्हणाली. "अब बस बच्चों को समझाना है, अंधेरे से पहले पैदा हो जाया करें."

साहेब हसले. माझं डोकं तापलं.

परत आल्यावर साहेबांच्या केबिनच्या इन्व्हर्टरची धष्टपुष्ट बॅटरी मी भनपुरीला दुरुस्तीसाठी रवाना केली. तिला काही झालेलं नव्हतं. पण आमच्याकडे दुरुस्तीला गेलेल्या वस्तूचा पाठपुरावा कोणी करत नाही. कूलर गेला, झेरॉक्स मशीन गेलं, कोणी सुतकही पाळलं नाही. बॅटरी भनपुरीहून थेट पाऱ्यात गेली.

परवा ऑफिसातली लाइट गेली. साहेब घामाघूम होऊन फाइलनं वारा घेत होते.

"अहो, बॅटरी आली नाही का अजून? लाइटशिवाय माणसानं राहायचं तरी कसं?"

"बनून राहिली, साहेब," मी म्हटलं.

त्याच पहाटे पाऱ्यात एक पोट्टी जन्मली होती. तिचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता, आणि त्यात तिचे मिटलेले डोळेसुद्धा स्पष्ट दिसत होते.