सुई, काडी आणि माझा उजवा पाय

अकोल्याच्या डॉक्टरांनी मला निजवलं, उजवा पाय सरळ वर उचलला आणि मी किंचाळल्यावर शांतपणे म्हणाले, "सायटिका." म्हणजे कमरेतून पायात उतरणारी नस दबली होती. काही महिने फळीवर पडून राहा, नाहीतर नागपूरला ऑपरेशन.

मी शाळेत नवी बाई, घरातली पहिली नोकरी, तीही अजून कायम न झालेली. पडून राहणं परवडणारं नव्हतं आणि स्वभावातही नव्हतं. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना ठाऊकच असेल, बसलं तरी कळ, उभं राहिलं तरी कळ.

अमरावतीचे एक डॉक्टर कानात सुया टोचून सायटिका बरा करतात, असं कळलं. अॅक्युपंक्चर, म्हणजे चिनी सुयांचा उपचार. चीनशी लढाई नुकतीच होऊन गेलेली. संरक्षण निधीला मी कानातल्या सोन्याच्या बुगड्या दिल्या होत्या, आणि आता त्याच कानांत चिनी सुया! शेजारणींना विषयच मिळाला.

गाडीत मूर्तिजापूरपर्यंतसुद्धा बसवलं नाही. दाराशी उभी राहून अमरावतीसाठी उतरायचं ते बडनेरा गाठलं. डॉक्टरांनी कानाचा नकाशा दाखवला. फ्रान्समधल्या एका डॉक्टरनं तिथले खेड्यातले लोक सायटिकावर कानाला डाग देतात हे पाहिलं, मग चिन्यांनीही कानावर संशोधन सुरू केलं. आता प्रश्न असा, की नेमकी जागाच टोचावी लागते की कुठंही टोचलं तरी चालतं? आमचे डॉक्टर हेच तपासत होते. माझा संताप झाला. मला पाय हवा होता आणि यांना उत्तर.

तरी जात राहिले. कळ पोटरीतून मांडीत सरकली आणि एक दिवस गेलीच. डॉक्टर खूश. डॉक्टरांच्या सभेत ते माझी केस वाचणार होते.

त्या दिवशी माय सोबत होती. सुया निघाल्याबरोबर तिनं बटव्यातून कडुनिंबाच्या काड्या काढून माझ्या कानांत सरकवल्या. बुगडीचं भोक बुजू नये म्हणून आमच्याकडे घालतात. दवाखान्यापुरत्या मी त्या काढून ठेवायची, एरवी त्या कानातच.

डॉक्टर बघतच राहिले. "बाई, बुगडीचं भोक सायटिकाच्या जागेला लागूनच आहे. गुण सुईनं आला का काडीनं, मी काय सांगू?" काड्या बंद करून बघा, म्हणाले.

माय भडकली. "काहून बंद कराच्या? भोक बुजलं तं पोरीनं बुगडी कुठं घालाची?"

मला वेगळीच धास्ती. काडी काढल्यावर कळ परत आली तर नोकरी गेलीच. पण कशानं बरी झाले हे न कळता राहणंही जमेना. काढल्या. रोज सकाळी पाय आधी जमिनीवर हळूच टेकवून बघायची.

कळ आली नाही. भोकं बुजली. डॉक्टरांनी सभेत काड्यांसकट सगळं वाचलं आणि लोक हसले. मला म्हणाले, एका रोग्यावरून काही सिद्ध होत नाही, आपोआपही बरं झालं असेल. त्या खरेपणासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे. म्हणून तुम्हालाही सांगते, कशानं बरी झाले ते मला ठाऊक नाही.

नोकरी कायम झाली तरी माय माझ्या बुच्या, बिनबुगडीच्या कानांकडे बघून हळहळायची. एकदा तिला शाळेत नेलं, मागच्या बाकावर बसवलं आणि पूर्ण तास उभी राहून शिकवलं.

बाहेर आल्यावर तिनं माझ्या कानावरून हात फिरवला. "राहू दे वं बुचेच," म्हणाली.