आईच्या उशाशी लॅपटॉप

लॅपटॉप घ्यावा असं मला कधीच वाटलं नव्हतं. वाटलं ते आमच्या क्लासच्या मालकांना. लातुरात मी बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवायचो. पलीकडच्या गल्लीतल्या एका क्लासनं भिंतीवर हलती चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि आमची काही पोरं तिकडं सरकली. मालक म्हणाले, सर, फळा आता जुना झाला. मी म्हणालो, फळा जुना झाला असेल, गुरुत्वाकर्षण तेच आहे. ते हसले नाहीत. त्या काळात लातूरच्या क्लासवाल्यांना हसायला सवड नसायची.

माझा मेहुणा नांदेडला कॉम्प्युटरच्या दुकानात होता. घरचा माणूस म्हणून त्याच्याकडूनच घ्यायचं ठरलं. घरचा माणूस असल्याचा उपयोग एवढाच झाला की भाव करता आला नाही. त्यानं चहा पाजून त्या यंत्राचे गुण सांगितले, मुलगी दाखवायला आणल्यावर सांगतात तसे. माझ्या लक्षात राहिले ते अवगुण. मांडीवर घ्यायचं यंत्र म्हणून विकलं आणि मांडीवर घेतलं की मांडी भाजायची. चार्जरचं ओझं वेगळंच. बोट फिरवायला जो चौकोन दिला होता, त्याला खडूनं घट्टे पडलेलं माझं बोट हे बोटच वाटायचं नाही. मी फिरवत राहायचो आणि बाण आपला जागच्या जागी. मेहुण्यानं एकदा नुसतं टेकवलं की धावायचा. यंत्रांनाही माणसं कळतात, असं माझं तेव्हा मत झालं आणि ते अजून बदललेलं नाही.

एसटीनं परत येताना शेजारी एक पागोटंवाले काका बसले होते. पिशवीत काय आहे हे ते लोह्यापासून विचारत होते. अहमदपूर सुटल्यावर मी हार मानली आणि उघडून दाखवलं. रस्त्याची कामं निघालेली, गाडी खड्ड्यात आदळली, तशी पडद्याच्या कोपऱ्यात एक पिवळी चौकट उमटली. इंग्रजीत लिहिलं होतं की हादरा जाणवला आहे, डिस्क सुरक्षित जागी थांबवली आहे. यंत्र हातातून पडलं तर आतला माल फुटू नये म्हणून केलेली ती सोय होती. पुढच्या खड्ड्याला पुन्हा चौकट. काकांनी अर्थ विचारला, मी सांगितला. चाकूर येईपर्यंत त्यांनी विचार केला आणि मग म्हणाले, "एवढं भित्रं हाय तर लातुरात कसं नांदल?"

घरी आल्यावर बायकोनं खिडकीच्या जुन्या पडद्याचा त्याला अभ्रा शिवला. लॅपटॉपच्या पडद्यावरची प्लास्टिकची कातडी तिनं काढू दिली नाही. आठवीतल्या मुलीनं ते यंत्र माझ्याआधी शिकून घेतलं आणि मला शिकवताना ती माझ्यावर, मी वर्गात चिडतो अगदी तश्शीच चिडली.

आई तेव्हा आमच्यातच राहायची, पण घरात राहायची नाही. हे जरा सांगायला हवं. निलंगा तालुक्यातलं आमचं दगडमातीचं घर भूकंपात बसलं. शेजाऱ्यांनी आईला दाराच्या चौकटीखालून ओढून काढलं. पुढं मी तिला लातूरला आणलं, क्लासच्या कमाईतून स्लॅबचं घर बांधलं आणि कॉलममध्ये किती लोखंड घातलंय ते बांधकाम चालू असतानाच तिला नेऊन दाखवलं. तिनं सगळं नीट बघितलं, छान झालं म्हणाली आणि अंगणात पत्र्याचं एक शेड मारून मागितलं. दिवसभर ती घरात वावरायची, भाकरी थापायची, मालिका बघायची. पण अंग टाकायचं म्हटलं की शेडमध्ये. मग ती रात्र असो की दुपारची डुलकी. जागा माणूस पळू शकतो, झोपलेला काय पळणार, हा तिचा मुद्दा. मी वाद घातला की ती म्हणायची, "पत्रा पडला तर माणूस उठतंय. स्लॅब पडला तर उठत न्हाई." फिजिक्सचा शिक्षक म्हणून मी पुन्हा कॉलममधल्या लोखंडावर यायचो.

उन्हाळ्यात ते शेड तापायचं, थंडीत गारठायचं. गल्लीत बोललं जायचं की सर स्लॅबखाली आणि आई पत्र्याखाली. पाहुणे यायचे ते आधी शेडमध्ये डोकावायचे आणि मग माझ्याकडं बघायचे. हे मी सहन केलं. पण आदल्या थंडीत तिचा खोकला छातीत उतरला. डॉक्टरांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. म्हातारीला गोठ्यात ठेवता का म्हणाले, आणि आणखी एक थंडी त्या शेडात काढली तर पुढचं मी सांगू शकत नाही असंही म्हणाले. आईला मी ते जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टर कुठं राहतो, वरच्या मजल्यावर ना, मग त्याला काय कळतंय.

आणि दिवाळी झाली, थंडी पुन्हा तोंडावर आली.

अशात एका सकाळी मी आणि मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून लंबकाचं चित्र हलवत बसलो होतो. बायकोनं त्याच टेबलावर मिक्सर आणून ठेवला, कारण प्लग तिथंच होता, आणि शेंगदाण्याची चटणी लावली. टेबल थरथरायला लागलं. कोपऱ्यात पिवळी चौकट आली. आई शेजारीच पीठ मळत होती. ते काय पेटलं म्हणून तिनं नातीला विचारलं. नातीनं इंग्रजी शाळेच्या इमानदारीनं भाषांतर केलं, "आजी, हादरा जाणवला म्हणतंय."

पुढचं सगळं माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत झालं. पिठाच्या हातानं आईनं नातीचं मनगट धरलं आणि ती बाहेर. तिच्यामागं बायको, जिनं स्वतः मिक्सर लावला होता. मी आतून ओरडून खरं कारण सांगत राहिलो. शेवटी मीही बाहेर गेलो, कारण रिकाम्या घरात एकट्यानं बरोबर असण्यात काही अर्थ नसतो.

आमच्याकडं एका घरातली माणसं धावत बाहेर आली की गल्ली बाहेर येते. आधी यायचं, मग विचारायचं. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले काका अर्ध्या दाढीला फेस लावून उभे. कोपऱ्यावरच्या वहिनी दुधाचं पातेलं घेऊन आल्या होत्या, ते का हे त्यांनाही सांगता येईना. मी हात वर करून जाहीर केलं की भूकंप वगैरे काही नाही, चटणी होती. कुणी ऐकेना. काका म्हणाले, धक्का हलका होता पण मला स्पष्ट जाणवला, निलंग्याच्या बाजूनं आला. वहिनी म्हणाल्या, फळीवरची ताटं वाजली. एकानं तर उदगीरला बहिणीला फोन लावला आणि तिकडंही जाणवल्याची बातमी आणली. आत आमचा मिक्सर फिरतच होता. चटणीचा लगदा झाला, तो आम्ही दोन दिवस पोळीला लावून खाल्ला.

त्या दिवसापासून लॅपटॉप बघायला माणसं यायला लागली. ज्याच्यासाठी तो घेतला त्या क्लासमध्ये त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. पोरं भिंतीवरचा लंबक बघून जांभया द्यायची. गल्लीत मात्र मान मिळाला. मी प्रत्येकाला समजावायचो की याला जमिनीचं काही कळत नाही, स्वतःला धक्का बसला तेवढाच कळतो. लोक मान डोलवायचे आणि जाताना विचारायचे, किती आधी सांगतं?

आईला तरी पटावं म्हणून मी तिच्यासमोर बसून सगळं उलगडून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, भुई हलली तर ज्याच्यावर ते ठेवलंय ते हलणार न्हाई का? मी म्हणालो, हलेल, पण थोडं हललं तर ते सांगणार नाही. लई हललं तर? लई हललं तर सांगेल बहुतेक, मी म्हणालो. आई म्हणाली, मग बास की, थोड्यासाठी कोण उठतंय. पोरांच्या इतक्या वह्या तपासल्या, पण असं कोंडीत मला कुणी धरलं नव्हतं.

मग तिनं विचारलं, "ते रातभर जागं राहतंय का?"

वायर लावली तर राहील, मी म्हणालो. तर मग ते माझ्या उशाशी ठेव, मी आत झोपते, असं ती अगदी सहज म्हणाली, भाजीत मीठ जास्त झालं म्हणावं इतकं सहज. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की ओठांवर आलेलं उरलेलं फिजिक्स मी गिळून टाकलं.

तर मधल्या खोलीत आईची गादी आली आणि उशाशी स्टुलावर लॅपटॉप. आईला झोप लागावी म्हणून मी त्या यंत्राची झोप कायमची बंद केली. लोडशेडिंगमध्ये बॅटरी पुरते का, याची चिंता आईपेक्षा मला जास्त. वर्गाची चित्रं तयार करायला आता तिची परवानगी लागायची. सकाळी मी ते क्लासला न्यायचो तेव्हा झाकणावर कुंकवाचं बोट आणि बटणांना बामचा वास. पण खोकला गेला. पाहुण्यांना डोकावायला काही उरलं नाही. मला बरं वाटायचं आणि त्याच वेळी आतून काहीतरी कुरतडायचं. आई ज्याच्या भरवशावर डोळे मिटत होती ते यंत्र तिच्यासाठी जागं नव्हतं, हे घरात फक्त मला पक्कं ठाऊक होतं. सांगून झालं होतं, आणखी कसं सांगणार?

संक्रांत झाली आणि एका रविवारी दुपारी खरा धक्का आला. असे लहान धक्के आमच्याकडं अधूनमधून येतातच. आधी पायाखाली ट्रक गेल्यासारखी घरघर, मग फळीवरची भांडी वाजली आणि एक पेला खाली पडला. बायको, मुलगी आणि मी बाहेर पडलो ते कसे पडलो आठवत नाही. गल्ली भरली. काका होते, वहिनी होत्या, या खेपेला पातेल्याशिवाय. आणि आई नव्हती. असल्या वेळी गल्लीत सगळ्यांत पुढं असायची ती, आणि ती कुठंच दिसेना.

मी परत आत पळालो. आई मधल्या खोलीत कुशीवर पडलेली, टक्क जागी, नजर लॅपटॉपवर.

"अजून पेटलं न्हाई ते," ती म्हणाली. बस अजून लागली नाही म्हणतात त्या आवाजात.

डोक्यावर मीच मोजून लोखंड घातलेला स्लॅब होता आणि पहिल्यांदाच मला त्याचं वजन कळलं. भूकंपाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, आई, ऊठ. ती म्हणाली, थांब की, आलं तर सांगल ते. मला तिचा राग आला, मेहुण्याचा आला, त्या क्लासच्या मालकांचा आला. मी तो लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि गदागदा हलवला. पिवळी चौकट आली. "बघ, पेटलं," मी म्हणालो, आणि तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

आईनं चौकटीकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती. मग ती उठली, पदर सारखा केला, चपला शोधल्या आणि माझा हात धरून बाहेर आली. बाहेर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. काकांनी निकाल दिला की हा धक्का मागच्यापेक्षा बराच हलका होता.

संध्याकाळी मी कुणी न सांगता आईची गादी गुंडाळली. आता ती त्या यंत्राच्या नावावर आत झोपणार नाही हे उघड होतं. थंडी अजून सरली नव्हती, डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. पण तिला फसवून आत ठेवण्यापेक्षा शेडला आतून पोती लावू, असा विचार करत मी गादी खांद्यावर घेऊन अंगणात उतरलो. आई तुळशीजवळ वाती करत बसली होती.

"कुठं नेतूस ती?"

शेडमध्ये, मी म्हणालो. ते यंत्र काही कामाचं नाही, आज बघितलंस ना.

"बघितलं की. पेटलं न्हाई. तू हलवलंस तवा पेटलं. मी काय आंधळी हाय?"

"मग उठलीस कशाला?"

"तुझं तोंड बघून." तिनं एक वात वळून बाजूला ठेवली. "त्याला कळालं न्हाई. पर तू आलास की आत. घर हलायलंय आन् तू आत आलास."

मी गादी खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिलो. नाकात कापूस गेल्यासारखं करून मी तोंड फिरवलं. ते तुझ्या क्लासला घेऊन जा बाबा, ती म्हणाली, रातभर उजेड डोळ्यावर येतोय त्याचा. गादी होती तिथंच टाक.

मी वळलो, पायरी चढलो, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पंख्याच्या खाली टाकू नगंस मातर."