बाळंतिणीची खोली भाड्याने नाही

सौसरच्या आमच्या घराला लागूनच चुलतसासऱ्यांचं घर होतं. दोन्ही जुनी, सागवानी खांबांची, मधली भिंत एकच. चुलतसासरे गेले, त्यांच्यामागे कोणी नव्हतं, आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात लॉजचं खूळ शिरलं. जवळच्या जामसांवलीला शनिवारी मारुतीच्या दर्शनाला एवढी माणसं येतात, त्यांनी उतरावं कुठं? भिंत पाडू, खोल्या काढू, फरशा बसवू, प्रत्येक खोलीत पंखा! गावात रंगीत टीव्ही नुकतेच येऊन राहिले होते, त्या दिवसांत हा थाटच म्हणायचा.

मी काही आडवी आले नाही. रिकामं घर खायला उठतं, माणसांनी भरलेलं बरं. फक्त मागची एक खोली मी देईना. ती बाळंतिणीची खोली. माझी लेक तिथंच झाली, आणि आता तिलाच दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कोणी सांगायला पाहिजे?

हे म्हणाले, "एका खोलीसाठी कायले हटून बसली? तीन पाव्हणे झोपतीन तिथं."

"झोपू द्या त्यायले तुमच्या छातीवर," मी म्हटलं. "त्या खोलीत फरशी नाई लागणार. बाळंतिणीले गार बाधते." कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

लॉज सुरू झाला आणि पांढुर्ण्याहून लेकीच्या सासूचा निरोप आला: तुमी घराचं हॉटेल केलं म्हणते. आमची सून बाळंतपणाले हॉटेलात नाई येणार, आमी इथंच करू. मला असा संताप आला म्हणता! मी उलटा निरोप धाडला, आधी येऊन पाहा, मग बोला.

बाई आल्या, त्याही न कळवता, नेमक्या शनिवारी. लॉज गच्च भरलेला. हे टेबलाशी मान खाली घालून बसलेले. वर न पाहताच म्हणाले, "किती जण? एकच रात्र का?"

अरे देवा! दारात विहीण उभी आणि व्याही विचारतो, किती जण! मी लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून धावले. ह्यांनी वर पाहिलं आणि तोंडचं पाणीच पळालं.

"एकटीच हाय," विहीणबाई म्हणाल्या. "अन् वापस चालली."

मी त्यांचा हात धरला. "रागवा बापा, पण खोली पाहून रागवा."

कुलूप काढलं. शेणानं सारवलेली जमीन, ऊन दाखवलेली गादी, बाजेखाली शेगडी, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी घडी करून ठेवलेली. विहीणबाई बाजेवर बसल्या आणि दुपट्यांवरून हात फिरवू लागल्या. आता काय ऐकावं लागतं, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी. पाहते तर त्यांचे डोळे भरलेले.

"माह्या वक्ताले माहं माहेर उरलंच नोतं," त्या म्हणाल्या. "आई गेली, भावानं घर इकलं. सासरीच बाळंत झाली मी. रडाले कोपरा नोता, बाई. तुमच्या घराचं हॉटेल झालं आयकलं, तं वाटलं, हिचं बी माहेर गेलं. पाहुण्यायच्या गर्दीत पडण्यापरीस माह्याजवळ राह्यलेली बरी."

माझा सगळा राग तिथंच विरघळला. त्यांना जवळ घेतलं आणि आम्ही दोघी मनसोक्त रडलो. बाहेर हे चहाचा कप घेऊन ताटकळत होते, आत यायची छाती होईना.

लेक सातव्यात आली, नात त्याच खोलीत झाली. सकाळी पहिला ट्याहां ऐकून खोल्याखोल्यांतून भक्तमंडळी अंगणात आली, कोणी प्रसादाचा नारळही फोडला. विहीणबाई बारशाला आल्या आणि महिनाभर राहिल्या. डिंकाचे लाडू आम्ही दोघींनी मिळून वळले, आणि दोघींनीच अर्धे संपवले.

पुढच्या वर्षी लेकीनं एक गोष्ट सांगितली. तिची सासू पिशवी भरून पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर सौसरच्या गाडीसाठी उभी होती. ओळखीच्या एकीनं विचारलं, कुठं चालल्या?

"माहेरी चालली," त्या म्हणाल्या. "आता लौकर नाई येत मी."