खोकला आमचा, खाट त्यांची

काका आजारी पडले की काकी त्या दिवशी जरा ताठ चालायची. खोटं नाही सांगत. लालबागच्या चाळीत बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ अशी दोन बिऱ्हाडं एकाच खोलीत राहत होती, मधे जुन्या लुगड्याचा पडदा. काका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे आणि गिरणी कामगारांना नुकताच सरकारी विमा लागू झाला होता. पगारातून थोडं कापून घ्यायचे, पण डॉक्टर फुकट, औषध फुकट, आणि घरी पडून राहिलं तरी थोडाफार पगार हातात. आमचे बाबा मसाला कुटायच्या डंखावर कामाला. तिथे आजारपण म्हणजे खाडा, आणि डॉक्टरकडे जायचं म्हणजे त्या आठवड्याच्या बाजाराला हात लावायचा.

लोक दुसऱ्याच्या सोन्यावर जळतात, मी काकांच्या तापावर जळायचे. एकदा साच्यात त्यांचा अंगठा चेचला तर केवढं ते पांढरंशुभ्र बँडेज! आमच्याकडे काहीही कापलं की हळद. माझी चुलत बहीण त्या बँडेजचं वर्णन शाळेत जाऊन करायची आणि मी तिच्या शेजारी बसून ओठ चावायचे.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. आमच्या गल्लीतून मोर्चा निघाला आणि बाबा घरात बसले असं कधी झालं नाही. पण घोषणा पुरी व्हायच्या आतच त्यांना ढास लागायला लागली. मग ते घोषणा सोडून फलक धरायला लागले. सगळे म्हणायचे, मिरचीचा खकाणा बसलाय छातीत, दुसरं काय. आईला ते पटत नव्हतं. रात्री ती बाबांच्या पाठीला हात लावून ताप बघायची.

विमा फक्त कामगारापुरता होता, घरच्यांना नाही. त्यावर चाळीने आपला तोडगा काढला होता. विमावाल्याने डॉक्टरकडे जायचं आणि घरातल्या दुखणाइताचं दुखणं आपलं म्हणून सांगायचं. कुणी बायकोची डोकेदुखी सांगे, कुणी सासूचा गुडघा. बाळंतपण तेवढं सोडलं तर बाकी सगळी दुखणी आमच्या चाळीतल्या पुरुषांनी आपल्या अंगावर घेतली होती. डॉक्टरला कळत नसेल असं नाही, पण तोही गिरणगावातलाच होता.

आईने काकांपुढे विषय काढला तेव्हा ते लगेच तयार झाले. माणूस दिलदार होता, तिथे माझं काही म्हणणं नाही. पडदा बाजूला करून बाबांसमोर बसले.

"दादा, माका दाखय, तू कसो खोकतंस ता."

बाबांनी खोकून दाखवलं. काकांनी तसंच खोकून दाखवलं. "तसो नाय रे, खालसून," म्हणत बाबांनी पुन्हा शिकवलं. आम्ही पोरं पोट धरून हसत होतो. शेवटी खुद्द बाबांना हसू फुटलं आणि त्यातून त्यांना खरी ढास लागली. काका घरची रिकामी बाटली घेऊन गेले आणि लाल मिक्श्चर भरून घेऊन आले. बाबांनी ते गुपचूप संपवलं. उतार पडेना, म्हणून काका पुन्हा गेले, पुन्हा तसेच खोकले. डॉक्टरने छातीचा फोटो काढायला पाठवलं. काका हसतच गेले. निरोगी छातीचा फोटो, तोही फुकटात!

फोटोत डाग निघाला.

काका घाबरून खरं बोलून गेले. "डॉक्टर, खोकला माझा नाय, माझ्या भावाचा."

"असेल. डाग मात्र तुमचा आहे," डॉक्टर म्हणाले. "भावालाही दाखवा कुठेतरी."

कुठेतरी. काकांना क्षयाच्या इस्पितळात विम्याची खाट मिळाली. दूध, अंडी, रोजचं इंजेक्शन, आणि काकीच्या हातात आजारपणाचा पगार. बाबा पालिकेच्या इस्पितळात रांग धरून बसले. त्यांच्याही छातीत डाग होता, काकांच्यापेक्षा मोठा. खाट रिकामी नव्हती. इंजेक्शनं बाहेरून आणायची होती आणि ती आणता आणता आधी आईचे कानातले गेले, मग घरातली पितळी भांडी. जरा खोकला थांबला तसे बाबा म्हणाले, "आता पुरे, मी बरा झालो," आणि डंखावर जाऊ लागले. आईनेही फार ओढून धरलं नाही. कशाच्या जिवावर धरणार होती?

रविवारी चुलत बहीण वेणीत गजरा माळून बापाला भेटायला जायची. परत आली की सांगायची, "माझ्या बाबांच्या गालावर लाली आली." मला तिचा गजरा ओढून काढावासा वाटायचा. ती खाट आमच्या खोकल्याने मिळवलेली होती. तो खोकला बाबांनी आपल्या छातीतून काढून शिकवला होता. हे कुणी मोठ्याने म्हणत नव्हतं म्हणून माझा आणखी जळफळाट व्हायचा.

काका घरी आले ते चांगले अंग धरून. तोवर बाबांनी अंथरूण धरलं होतं. काका त्यांच्या उशाशी बसून ढसाढसा रडले. बाबांनी त्यांचा दंड चाचपून बघितला आणि खूश झाले. मग येईल त्याला सांगत सुटले, "माझा खोकला ह्याच्या कामी आला." एवढ्या अभिमानाने सांगायचे की ऐकणाऱ्याला हसावं की रडावं कळायचं नाही. मी उठून गॅलरीत जायचे. बाबांना नव्हता तेवढा सगळा मत्सर माझ्या वाट्याला आला होता.

मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीवर दिवे लागले. ते बघायला बाबा नव्हते.

पुढे माझं लग्न काकांनीच ठरवलं. पोरगा विम्यातला हवा, एवढीच माझी अट होती आणि तिचं कारण त्यांनी विचारलं नाही. कन्यादान त्यांनी केलं. दिवसभर उभे राहिले, पंगतीत प्रत्येकाला आग्रह करकरून वाढलं. सगळे म्हणत होते, सख्ख्या बापाने केलं नसतं एवढं केलं. मी पाया पडले तेव्हा त्यांनी मला जवळ घेतलं. माझा कान त्यांच्या छातीला लागला. श्वास कसा स्वच्छ येत होता, जात होता. नवरीचं रडू म्हणून कुणी मला काही विचारलं नाही.