पेटीच्या तळाची सही

काय सांगू तुम्हाला, अख्ख्या लढाईत मी एक गोळी झाडली नाही, पण सासूबाईंच्या पेटीवर मात्र चाल करून गेलो!

लढाईची तीन वर्षं मी सरकारी दारूगोळ्याच्या डेपोत पेट्या तपासायला होतो. वरची अक्षरं वाचून सांगायचं, ही काडतुसांची, ती हातबॉम्बची. रिकाम्या होऊन आलेल्या पेटीत हात घालून बघायचं, तळाला 'रिकामी' असा शिक्का मारायचा आणि खाली सही ठोकायची. लढाई संपली, नोकरी गेली. ऐट राहिली.

मे सरता सरता बायकोला घेऊन कुंभिवलीला सासुरवाडीला गेलो. सासूबाई खालापूरला बाजाराला गेलेल्या. पडवीत टेकतो न टेकतो तोच सासरे बसले होते त्या खाटेखाली बघतो तर काय! दोरीच्या कड्यांची लाकडी पेटी, वर सरकारी मालाची बाणाची खूण आणि ठळक अक्षरं: बारा हातबॉम्ब!

"मामा, उठा आधी! ही कुठून आली?"

"कर्जतच्या भंगारवाल्याकडनं. तुमच्या सासूची हाय ती. कुलूप लावते, आमाला हात लावू देत नाय."

हलवून पाहिली. जड! आता शंका राहिली का?

"फोडून बघू का कुलूप?" सासरे म्हणाले.

"मामा! एक पिन निसटली तर तुमचं घर खोपोलीत जाऊन पडेल!"

"आवो, आईला येऊ तरी द्या," बायको म्हणाली. "चावी तिच्या कमरेला हाय."

"तोवर गाव उरेल का?"

गाव वाचवायचं म्हणजे वाचवायचं! शेजारची चार घरं रिकामी केली. एका कडीला मी, दुसरीला घामाघूम सासरे. पाऊल मोजत पेटी तळ्यावर नेली, कमरेएवढ्या पाण्यात बुडवली आणि वर दोन धोंडे ठेवले.

सासूबाई आल्या, खाटेखाली वाकल्या आणि किंचाळल्या, "माजं बियाणं कुठं हाय?"

वर्षाचं भाताचं बियाणं हो! उंदरांनी खाऊ नये म्हणून मजबूत पेटीत ठेवलेलं. पेटी ओढून काढली, कुलूप उघडलं. सगळं चिंब.

"ठेवलं तर कुजंल," सासूबाई रडवेल्या झाल्या. "उद्याच रोपं कराया राबात पेराया पायजे. पावसाचा पत्ता नाय. रोपं जळली तर वरीसभर खायाचं काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माघार घेईन तो मी कसला! "चूक डेपोची आहे! रिकाम्या पेटीवरची अक्षरं खोडायला हवी होती. कुठल्या गाढवानं ही तशीच सोडली ते आत्ता दाखवतो. तळाला सही असते!"

पेटी उलटी केली. शिक्का होता. सही होती. चांगली वळणदार, शेपूट लांब काढलेली.

बायकोनं वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"कोन हाय ते गाढव?" सासऱ्यांनी विचारलं.

मी घसा खाकरला. "ओळखीतलंच आहे."

"मंग त्याला म्हनावं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "राबाला पाणी घालाया ये."

बियाणं वाचलं. पाऊस लागेपर्यंत बारा दिवस ते गाढव तळ्यावरून हंडे वाहत होतं.