शीतलला दिलेली ट्यूब

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. सांगण्यासारखं होतं तरी काय? बहिणीला एक ट्यूब दिली, एवढंच. पण एवढंच नव्हतं.

मी छावणीजवळच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे, चौदा वर्षं झाली. अडतिसाव्या वर्षी गालांवर वांग आले. डॉक्टरकडं जायच्या आधी मी मेडिकलवरून स्वतःच्याच मनानं रेटिनॉइडची, म्हणजे डाग घालवायच्या मलमाची, ट्यूब आणली — त्यातली सगळ्यात कडक. रोज चोपडली. आठ दिवसांत चेहरा सोलला, पाणी लागलं तरी आग. डॉक्टरबाईंनी ती बंद करून सौम्य दिली. वाटाण्याएवढीच, दोन दिवसांआड, रात्री. आणि दिवसा सनस्क्रीनशिवाय बाहेर पडायचं नाही. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

त्याच सुमारास शीतल, माझी मावसबहीण, सोयगावहून आली. बावीस वर्षांची. आमच्याच हॉटेलात जागा निघाली होती, तिच्यासाठी शब्द मीच टाकला होता. कपाळावर चार पुटकुळ्या, बाकी चेहरा — बघत राहावं असा. या पोरीशेजारी मी रोज आठ तास उभी राहणार? हा विचार आला, तो गेलाच नाही.

"ताई, तू काय लावतीस? मलाबी दे की."

सौम्य ट्यूब आरशापुढंच होती. मी कपाट उघडलं आणि कडक काढून दिली.

"रोज लावायची?"

"रोज. जरा जास्तच लाव, लवकर गुण येतो."

सनस्क्रीनचं नाव काढलं नाही.

पाचव्या दिवशी तिचा चेहरा लालबुंद, ओठांच्या कडेला सालपटं. तरी मी थांब म्हणाले नाही. मुलाखतीच्या सकाळी तिनं ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली. "लई आग होती गं, ताई. अशी कशी जाऊ?" गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी बसनं सोयगावला परत.

चेहरा महिन्याभरात बरा झाला. जागा दुसरीला मिळाली. शीतलचं तिकडंच लग्न झालं. शहरात नोकरी करायचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही. मागच्या दिवाळीला म्हणाली, "माझी कातडीच नाजूक, ताई. तुझं औषध चांगलं होतं."

"व्हय," मी म्हणाले, "प्रत्येकीला सोसतंच असं नाय."

म्हणजे तेव्हाही खोटंच बोलले — समोर बसून, तिच्या हातचा चहा पीत.

थकले आहे मी आता. चूक झाली नव्हती, मी केली होती. तुम्हाला सांगितलं. तिला सांगितलेलं नाही.